सफेदा

माझ्या पेटीत तेव्हा अकरा डब्या होत्या.
सफेदा, पिवडी, काव, हिंगूळ,
राणीसाठी गुलाबी, नारदासाठी केशरी,
आणि राक्षसांसाठी काळा, तो मी
खोबरेलात काजळी घोटून घरीच करायचो.
रुझार सिद्दी पहिल्यांदा आरशासमोर बसला
तेव्हा मॅनेजर म्हणाला, "चला, एक डबी वाचली."
सगळे हसले. मीही हसलो.
हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे राहून जाईल.

कुळ्याच्या यार्डात तो खनिजाच्या वाघिणी मोजायचा.
त्याचा खापरपणजा म्हणे लोटलीच्या कुणा भाटकाराच्या घरातून
रात्रीचा पळाला, पायात लोखंड तसंच ठेवून,
दूधसागराच्या अंगाने घाट चढून
यल्लापूरच्या रानात शिरला.
"मी मात्र तिकीट काढून उतरलो," रुझार म्हणायचा,
"चार आणे सुटे यायचे होते. क्लार्काने दिलेच नाहीत."

सावर्ड्याच्या जत्रेत यमदूत.
केप्यात यमदूत.
सांग्यात बढती झाली: पहारेकरी, वाक्यं दोन,
त्यातलं एक नुसतं ओरडणं.
पण विंगेत उभा राहून तो अख्खं नाटक
ओठांतल्या ओठांत म्हणायचा,
राणीचं सुद्धा, राणीपेक्षा बरं.

मग तो शिगम्यानंतरचा प्रयोग.
आमच्या राजाचा घसा बसला, काढे, मध, काही चालेना.
दुसरी घंटा झाली होती.
मॅनेजर रुझारकडे बघत मला म्हणाला, "रंगव."
मी दोन डब्या सफेदा संपवला.
मान, कान, कोपरापर्यंत हात.
तो डोळे मिटून बसला होता, गिलावा करताना
भिंत बसते तसा.

दुसऱ्या अंकात घाम फुटला.
कपाळावरून पांढरे ओघळ, दाढीत, छातीवर,
आणि पुढच्या चटईवरून एक पोर ओरडलं,
"राजा विरगळ्ळो!"
मांडव फुटला हसून.
रुझार थांबला.
कमरेचा शेला सोडला, चेहरा पुसला,
सावकाश, जणू संहितेतच होतं,
कानामागे राहिलेलं तेवढंही पुसलं,
आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं.
पेट्रोमॅक्सची फुसफूस तेवढी ऐकू येत होती.

काही लोक उठून गेले. खोटं कशाला सांगू.
पुढच्या वर्षी त्या गावाने आम्हाला बोलावलं नाही.
त्याच्या पुढच्या वर्षी सुपारी घेऊन आले
आणि विचारलं, "राजा तोच ना?"

आल्तिनोच्या टेकडीवर टीव्हीचा स्टुडिओ झाला.
तेरा भागांची मालिका, रुझार मामलेदार.
कॅमेरावाला काचेत बघून कंटाळला,
"चेहराच येत नाही. जरा उजळ करा ह्यांना."
मी स्पंज ओला केला.
रुझार खुर्चीतून हलला नाही.
"चेहरा इथेच आहे," तो म्हणाला. "दिवा हलवा."
पाऊण तास दिवे हलत होते.
माझ्या हातात स्पंज वाळून गेला.

घाटापलीकडे प्रक्षेपण पोचत नव्हतं
म्हणून त्याची आई कुळ्याला आली.
युनियनच्या खोलीत, बाकावर, पाय वर घेऊन
तिने मुलाला खुर्चीत बसून सह्या करताना पाहिलं,
भाटकार उभा, मुलगा बसलेला.
संपल्यावर एवढंच विचारलं,
"पैसे दिले? सगळे दिले?"

तो गेला त्याला आता सहा वर्षं झाली.
पेपरात फोटो आला, शाईचा नुसता ठिपका,
टोपीवरून ओळखला.

गेल्या महिन्यात हळ्याळची एक सिद्दी मुलगी
आमच्याकडे नायिका म्हणून आली.
आरशासमोर बसली. पेटी उघडली,
सफेद्याची डबी दगडासारखी, खडखडली.
"काय लावू?" मी विचारलं.
रुझारला हे मी एकदाही विचारलं नव्हतं.
ती आरशाकडे बघत म्हणाली,
"आधी हा पुसा."
पुसला.